इतर

सिद्धेश्वराच्या जत्रेत तेव्हा पाळणे दोनच.
एक उभा, चार पेट्यांचा, माणसं आऱ्यांवर चढून पायानं फिरवायची तो,
दुसरा आडवा, लाकडी घोड्यांचा,
त्यातल्या एकाला शेपूट नव्हतं.

इरबा पांचाळ तिसरंच काही करायला निघाला.

बार्शी लाईटच्या लिलावात बाद स्लीपर मिळाले,
गाडीभर, तेलानं काळे, खिळ्यांच्या भोकांसकट.
काय करलालास रे, घर का सरण?
तो म्हणाला, घाट.
नावालाच बालाघाट आपला.
पोटात गोळा येईल असा एक उतार दाखवा.

त्याला खाजामियाँ फिटरनं सांगितलं होतं
की लांबच्या देशात खाणीतून कोळशाचे डबे
आपसूक उतारानं खाली यायचे,
आणि रिकाम्या दुपारी माणसंच त्यांत बसू लागली, नुसती, कामाशिवाय,
आणि मालकाला कळलं, कोळशापेक्षा किंकाळी महाग विकते.
त्याहून थंड मुलखात बर्फाचा डोंगर रचून
राणी घसरायची म्हणे.
इरबाला राणीचं काही नव्हतं.
त्याला डब्याचं चाक कळलं.

पण डबा वर न्यायचा कसा?
आठ दिवस हिंडला, घास तसाच गालात.
मग मळ्यात मोट बघितली.
रोजच दिसायची, त्या दिवशी बघितली.
बैल धावेवरून खाली जातात, पाणी वर येतं.
पाण्याच्या जागी माणसं बसवायची फक्त.
नाडा तोच, चाक तेच,
थारोळ्याच्या जागी वीस हातांवर एक फळी
आणि फळीवर हंसराज, माझा बाप, वय अकरा,
आकडा सोडायला.

पहिल्या दिवशी कुणी बसेना.
शेषाबाई बसली. भज्यांचा गाडा नवऱ्यावर टाकून,
बांगड्या काढून पदरात बांधून,
इरबा नको नको म्हणताना दहा पैसे देऊन.
वरून तिला गंजगोलाई दिसली,
डाळमिलची चिमणी,
आणि स्वतःचा गाडा, नखाएवढा,
नवरा भजी करपवतोय तेही.
मग माझ्या बापानं आकडा सोडला.

लोखंड नुसतं वाजतं. लाकूड बोलतं.
इरबा खाली खांबाला कान लावून बसायचा,
कोणता सांधा कुरकुरतोय, कोणता कण्हतोय,
रात्री कंदील घेऊन नेमकी तिथंच पाचर ठोकायचा.
शेषाबाई उतरली ती घटकाभर बोललीच नाही.
मग म्हणाली, माय, पोट वरच राहिलं की,
आणि परत रांगेत.
आता रांग होती.

तिसऱ्या वर्षी पालिकेचा कारकून आला, फॉर्म घेऊन.
पाळणा, तंबू, हॉटेल, कुस्ती, तमाशा.
ह्याला कशात घालू?
वाहन म्हणावं तर कुठं जात नाही,
इमारत म्हणावी तर हलते.
इरबा म्हणाला, मोट लिहा.
त्यानं लिहिलं, इतर. फी दुप्पट.

चौथ्या वर्षी लोखंडी पाळणा आला, इंजिनावरचा, दिव्यांचा.
त्याच्या भोंग्याला बैल बिथरले, नाडा तुटला,
डबा रिकामा होता म्हणून बरं.
इरबानं त्याच रात्री घाट उतरवायला घेतला.
स्लीपर गेले कुणाच्या चौकटीत, कुणाच्या गोठ्यात.
पाचरी मात्र त्यानं पोत्यात भरून घरी नेल्या.

त्र्याण्णवच्या त्या पहाटे
शेषाबाई लेकीकडं होती, औशाच्या पुढं.
नंतर पत्र्याच्या शेडमध्ये मला म्हणाली,
आधी वाटलं, इरबाचा डबा सुटला.
मी आपली सपाटीची वाट बघत पडून राहिले.
त्याच्या गाडीला यायची.

एवढंच म्हणाली. लेकीचं मी विचारलं नाही.

आमच्या चौकटीत एक स्लीपर आहे.
खिळ्यांची दोन भोकं.
एकात आई उदबत्ती खोचते.
दुसऱ्यात बाप, बाहेर पडताना, अजून
बोट घालून बघतो.